आधी कागद, मग ओल, शेवटी चुना

नागपूरच्या इतवारीतले जुने घर विकायचे ठरले की पहिला फोन बहुतेक रंगवाल्याला जातो. घरातली थोरली मंडळी म्हणतात, एकदा रंगरंगोटी करून घेऊ, चार पैसे जास्त येतील. हातात चाळीस-पन्नास हजार असतात आणि पंधरा दिवसांत ते सगळे भिंतींवर चढतात. मग घेणारा येतो, रंगावरून नजर फिरवतो आणि विचारतो, आखीव पत्रिकेवर नाव कोणाचे आहे? तिथे आजोबांचे नाव असते. आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली असतात, त्यांच्या मागे दोन मुलगे, तीन मुली आणि त्यांची पुढची पिढी असते. बोलणी तिथेच थांबतात, किंवा घेणारा असा भाव सांगतो की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. थोड्या पैशात घर विक्रीसाठी तयार करायचे असेल, तर तो पैसा आधी घेणाऱ्याच्या मनातला संशय मिटवायला वापरावा आणि त्यातून उरला तर भिंतींवर घालावा, असे मी सांगणार आहे. नव्या ले-आऊटमधल्या फ्लॅटला हा क्रम इतका कडक लागू नसेल. इतवारी, महाल, मस्कासाथ, हंसापुरी, जागनाथ बुधवारी या जुन्या वस्तीतल्या घरांना मात्र तो पुरेपूर लागू आहे.

घेणारा घराची किंमत कशी करतो, हे आधी समजून घेऊ. जे दिसत नाही, त्याचे पैसे तो आधीच कापून ठेवतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, आणि या विषयावरच्या कामासाठी २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी गाडी धरून भाव सांगतो आणि चांगली गाडी विकणाऱ्याचे विनाकारण नुकसान होते. इतवारीतल्या घराचे नेमके हेच होते. समजा, घराची अपेक्षा ६० लाखांची आहे. वारसांपैकी कोणी उद्या कोर्टात जाईल का, भिंतीतली ओल पायापर्यंत गेली आहे का, घराचा पुढचा भाग रस्त्यात जाणार आहे का, या शंकांपोटी घेणाऱ्याने नुसते ५ टक्के कापले तरी ३ लाख गेले. पन्नास हजारांच्या रंगाने ते परत येत नाहीत. त्यात नागपुरात घेणाऱ्याला सध्या ७ टक्के मुद्रांक शुल्क भरावे लागते, खरेदी महिलेच्या नावावर असेल तर ६ टक्के, आणि शिवाय १ टक्का नोंदणी शुल्क, कमाल ३० हजार. म्हणजे ६० लाखांच्या घरासाठी तो साडेचार लाख सरकारलाच देतो. इतका पैसा बाहेर जाताना माणूस संशयाच्या बाबतीत उदार राहत नाही. आणखी एक गोष्ट आहे. रेरा कायदा पूर्ण लागू झाल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, बेसा किंवा वर्धा रोडकडच्या नव्या योजनांची कागदपत्रे महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. तिथे चक्कर मारून आलेला माणूस इतवारीत येतो तेव्हा त्याला उघड्या फाईलची सवय लागलेली असते.

इतवारीत घर घेतो कोण, याचाही विचार खर्चाआधी करायला हवा. राहण्यासाठी घेणारे कुटुंब असते, पण ते एकटेच नसते. किराणा ओळीतला किंवा सराफ्यातला व्यापारी गोदामासाठी किंवा दुकानामागच्या जागेसाठी घर पाहतो. पाडून नवे बांधणारा बिल्डर असतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचा असतो तो शेजारी, ज्याची भिंत तुमच्या भिंतीला लागून आहे. इथले भूखंड अरुंद आणि लांबोळे असतात. दोन शेजारचे भूखंड एक झाले की दोन्हींची मिळून किंमत वाढते, आणि ती वाढ शेजाऱ्याइतकी कोणालाच मिळत नाही. म्हणून दलालाला सांगण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारावे. त्याला पैसा लागत नाही. यावर कोणी विचारेल, घेणारा घर पाडणारच असेल तर त्यावर खर्च कशाला? आक्षेप खरा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. पाडणाऱ्याला रंगाशी काही देणेघेणे नाही. त्याला हवे असते दर्शनी भागाचे नेमके माप, समोरच्या रस्त्याची रुंदी, स्वच्छ मालकी आणि रिकामा ताबा. कागदांवर केलेला खर्च चारही प्रकारच्या घेणाऱ्यांपुढे कामी येतो, ओलीवर केलेला फक्त राहणाऱ्या आणि साठवणाऱ्यापुढे, आणि रंगावर केलेला फार तर एकापुढे. पैसे थोडे असतील तर सगळ्यांना लागू पडणारा खर्च पहिला करायचा.

कागदांत पहिली आखीव पत्रिका. बाकीचा महाराष्ट्र जिला मिळकत पत्रिका म्हणतो, तीच ही. डिजिटल स्वाक्षरीची प्रत महाभूमीच्या संकेतस्थळावरून किरकोळ शुल्कात निघते. ती हातात घेऊन तीन गोष्टी पाहा: नाव, क्षेत्रफळ आणि भूखंडाचा प्रकार. नाव मृत व्यक्तीचे असेल तर नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज करावा लागतो. मृत्यू प्रमाणपत्र, सगळ्या वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. मग नोटिसा निघतात, हरकतीची मुदत जाते आणि त्यानंतर फेरफार होतो. यात पैशापेक्षा वेळ जास्त जातो. म्हणूनच हे काम रंगाच्या आधी सुरू करायचे. वारसांच्या यादीत बहिणींची नावे घालताना अजूनही अनेक घरांत हात आखडतो. तिथे स्पष्ट बोललेले बरे. ज्या कुटुंबांना हिंदू वारसा कायदा लागू आहे, त्यांच्या वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मतःचा असल्याचे सांगितले. वडील २००५ साली हयात असोत वा नसोत. घेणाऱ्याचा वकील पहिला प्रश्न बहिणींचाच विचारतो. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. घरात बसून साध्या कागदावर घेतलेली सही इथे चालत नाही. आणि तिला हिस्सा हवा असेल तर तो तिचा आहे. विक्रीपत्रावर तिची सही आणि तिच्या खात्यात तिची रक्कम, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावे. वारसांमध्ये खरोखरच भांडण असेल, तर कितीही कमी किंवा जास्त पैशात घर विक्रीसाठी तयार होत नाही. आधी ते मिटवायचे, तोवर घर दाखवायलाच काढायचे नाही. अर्धवट बाजारात येऊन परत फिरलेल्या घराची कुजबुज गल्लीभर होते आणि पुढच्या खेपेला भाव आणखी पडतो.

आखीव पत्रिकेवर भूखंड नझूलचा निघाला, म्हणजे जमीन मुळात सरकारची आणि तुमच्याकडे पट्ट्याने आलेली, तर पट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झाले आहे का, मालकी हक्कात रूपांतर करता येईल का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत विचारून ठेवा. भूखंड नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा असेल तर हेच प्रश्न तिथे विचारायचे. रूपांतराची पूर्ण रक्कम भरणे छोट्या बजेटमध्ये बसणार नाही. पण किती भरावी लागेल, हा आकडा लेखी हातात असला तरी अर्धे काम होते, कारण घेणारा तेवढीच रक्कम वजा करतो, मनाने ठरवलेली दुप्पट नाही. संशयाचे आकड्यात रूपांतर करणे, ही या सगळ्या तयारीची गुरुकिल्ली म्हणता येईल. रस्त्याचेही तसेच. महालातला केळीबाग रोड आणि इकडचा जुना भंडारा रोड यांच्या रुंदीकरणाने जुन्या नागपुरात घर घेणारा माणूस सावध झाला आहे. तुमचे घर गल्लीत आत असले तरी तो विचारणारच. विकास योजनेत भूखंडाची स्थिती काय आहे, याचा दाखला काढून फाईलला लावला की तो प्रश्न एका कागदावर संपतो. दर्शनी भागाचे आणि खोलीचे माप स्वतः टेपने घेऊन आखीव पत्रिकेशी ताडून पाहा. मोठा फरक पडत असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून घ्या, कारण हा फरक घेणाऱ्याला आधी सापडला तर तुमच्या बाकीच्या कागदांवरचा विश्वासही उडतो.

घरटॅक्सची थकबाकी हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा भाग. थकलेल्या मालमत्ता करावर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. वर्षाला ती २४ टक्के झाली. घर विकले की एकदम भरू, असे म्हणणारे लोक बँकेच्या कर्जापेक्षा महाग कर्ज डोक्यावर घेऊन बसलेले असतात. महापालिका अधूनमधून शास्तीत सवलत देते, म्हणून झोन कार्यालयात चौकशी करून भरणा करावा आणि पावती फाईलला लावावी. पाण्याचे आणि महावितरणचे बिलही निरंक करावे. वीज मीटर अजून आजोबांच्या किंवा जुन्या किरायेदाराच्या नावावर असेल तर नाव बदलून घ्या.

किरायेदाराचा विषय निघाला म्हणून तो इथेच संपवू. इतवारीत तळमजल्यावर चाळीस-पन्नास वर्षांचे जुने किरायेदार असणे नवलाचे नाही. त्यांचे काही करार मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडे नियंत्रण आदेशाच्या काळातले आहेत. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, आणि घर विकले गेले म्हणून किरायेदाराचा हक्क संपत नाही, हे त्याआधीही खरे होते आणि आजही खरे आहे. मालक कधीकधी घेणाऱ्याला ‘तो निघून जाईल’ असे मोघम सांगतात. असे सांगू नये. किरायेदाराशी आधी बसून बोलावे. तो काय घेऊन जागा सोडेल, किंवा नव्या मालकाकडे कोणत्या अटींवर राहील, हे लेखी घ्यावे आणि भाड्याच्या पावत्या जमवून ठेवाव्यात. तो जाणार नसेल तर तसे सांगून घर विकावे. किरायेदारासकट घेणारेही बाजारात असतात; फसवले गेल्यासारखे वाटल्यावर घेणारा मात्र कोणी नसतो.

इथे एक मोठा आक्षेप येतो. आपल्याच घराचे दोष आपणच उघड करायचे, मग भाव कसा मिळणार? व्यवहारात असे कोणी करते का? याचे पहिले उत्तर कायद्याचे आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, आणि त्याच्या कलम ५५ नुसार, घेणाऱ्याला सामान्य काळजी घेऊन सापडणार नाही असा घराचा किंवा मालकीचा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी देणेही त्याच्याच अंगावर आहे. दुसरे उत्तर बाजाराचे आहे. इतवारीत घेणारा क्वचितच परका असतो. त्याचा एखादा नातलग पुढच्या ओळीत राहतो, त्याच्या ओळखीचा मिस्त्री तुमच्याच गच्चीवर काम करून गेलेला असतो. दोष लपत नाही. तो फक्त बयाणा झाल्यावर बाहेर येतो, आणि तेव्हा भाव पाडण्याची ताकद पूर्णपणे समोरच्याच्या हातात असते. पहिल्या दिवशी ‘मागच्या खोलीची ही भिंत पावसाळ्यात ओली होते, दुरुस्तीचा लेखी अंदाज हा असा आहे’ म्हणून कागद पुढे केला, तर त्या एका कागदामुळे तुमच्या बाकीच्या शब्दांनाही वजन येते.

आता भिंतींकडे वळू. जुन्या घराचा भाव पाडणारी सगळ्यांत मोठी दिसणारी गोष्ट म्हणजे ओल, आणि नागपुरात तिचे एक खास कारण आहे: कूलर. उन्हाळ्याचे तीन-चार महिने खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर बसतो. टाकीतून पाणी ठिबकते, वाळ्याच्या ताटीतून चौकटीवर झिरपते, आणि वर्षानुवर्षांनी खिडकीखालच्या भिंतीवर हातभर रुंदीचा पट्टा उमटतो. वर तांबूस गंजाचे ओघळ, मधे फुगलेला रंग, खाली जमिनीपाशी पांढरी भुकटी, म्हणजे लोणा. घेणाऱ्याला तो पट्टा दिसतो, पण पाणी कूलरचे की पायातून वर चढणारे, हे कळत नाही. तो पायाचेच धरून चालतो. म्हणून घर दाखवण्याच्या दीड-दोन महिने आधी कूलर आणि स्टँड काढावा. फुगलेला रंग आणि सैल प्लास्टर खरवडून भिंत उघडी करावी. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतला तर मीठ पुन्हा भिंतीतच जिरते. नंतर भिंत तशीच वाळू द्यावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे चढणाऱ्या या गावात भिंत वाळवायला उन्हासारखा फुकट कारागीर नाही. वाळल्यावर हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमले तर पाणी अजून भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतली दमट हवा आहे. वीस रुपयांची ही चाचणी केली की पुढचे हजारो रुपये कुठे घालायचे ते कळते.

पाणी खरोखर भिंतीतून येत असेल तर भिंतीआधी वर आणि बाहेर पाहा. गच्चीवरचा पन्हाळ तुंबला आहे का, पावसाचे पाणी नळीतून नालीत न जाता भिंतीवरून उतरते का, घरामागच्या बोळात माती साचून ती जोत्यापेक्षा उंच झाली आहे का, शेजाऱ्याच्या मोरीचे पाणी सामाईक भिंतीत मुरते आहे का? यातली बरीचशी कामे एका मजुराच्या दोन दिवसांत होतात. कवेलूचे छत असेल तर पावसाळ्याआधी शाकारून घ्यावे. धाब्याच्या जुन्या छतावर गळती शोधायला पाणी भरून ठेवण्याची चूक मात्र करू नका. सिमेंटच्या स्लॅबची ती चाचणी लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छताला झेपत नाही. तिथे थोडेथोडे पाणी ओतून भेगा शोधायच्या. दुसरी चूक मिस्त्रीच्या सल्ल्याने होते. ओल दिसली की तो सिमेंटची छपाई आणि वरून ऑईलपेंट सुचवतो. इतवारीतल्या अनेक भिंती विटा-चुन्याच्या किंवा मातीच्या आहेत. अशी भिंत आतले पाणी पृष्ठभागातून बाहेर टाकत असते. तिच्यावर सिमेंट आणि ऑईलपेंटचे झाकण बसवले की पाणी आत कोंडते, वर चढते, आणि दोन पावसाळ्यांत ओलीचा पट्टा हातभर वर सरकलेला दिसतो. तिथे चुन्याच्याच गिलाव्याने भरणी करून वर चुना मारणे योग्य, आणि तेच स्वस्तही पडते.

घराच्या बळकटीबद्दल घेणाऱ्याला नुसते शब्द पुरत नाहीत. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेण्याची जबाबदारी महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ ने मालकावर टाकलीच आहे. मग ती विक्रीआधी करून दोन पानांचा अहवाल फाईलला का लावू नये? अहवालात एखादी तुळई बदला असे निघाले तर ती बदला, किंवा खर्चाचा अंदाज जोडा. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आलेली असेल तर ती लपवणे म्हणजे व्यवहारावर स्वतःच्या हाताने काट मारणे आहे. विजेच्या बाबतीत उघड्या वायरी, कापडी आवरणाची जुनी तार आणि ठिणग्या उडणारी बटणे एवढी बदलून घ्यावीत. सगळे घर नव्याने वायर करण्याचा खर्च परत मिळत नाही. पण लाकडी माडीच्या घरात लोंबती वायर पाहून आगीचा विचार कोणाच्याही मनात येतो. सागवानाचे खांब, तुळया, कोरीव चौकटी यांवर मात्र रंग चढवू नका. जुन्या सागाला पाडणाराही मोल देतो आणि राहणाराही. ऑईलपेंटखाली तो साग आहे की साधे लाकूड, हे दोघांनाही कळत नाही. कोरड्या फडक्याने पुसून, वाळवीची वारुळे काढून, औषध मारून थोडे तेल चोळले की पुरे.

यावर कोणी म्हणेल, एवढे सगळे खरे, पण माणूस आधी डोळ्यांनी घर घेतो. उंबरठ्यावरच मन बसले नाही तर फाईल कोण उघडणार? हे मला मान्य आहे. म्हणून तर चुना शेवटी का होईना, यादीत आहे. पण डोळ्यांना लागते ती जागा, उजेड आणि वास. त्या तिन्ही गोष्टी रंगापेक्षा स्वस्तात मिळतात. जुन्या घरात तीन पिढ्यांचे सामान असते: माळ्यावरच्या ट्रंका, फुटके पलंग, जिन्याखालचे पत्र्याचे डबे, दुकानाच्या जुन्या वह्या. कबाडीवाल्याला बोलावून ते काढले की खोली एका दिवसात दीडपट वाटते, आणि मिळालेल्या पैशात मजुराची मजुरी निघते. वह्या देण्याआधी मात्र त्यांची पाने उलटून पाहा. जुन्या टॅक्स पावत्या, पट्ट्याची मूळ प्रत, एखादे विक्रीपत्र अशाच गठ्ठ्यांत सापडते. खिडक्यांसमोरची कपाटे हलवा, काचा धुवा, अंधाऱ्या जिन्यात मोठा दिवा लावा. नाली साफ करा, मोरीत फिनाईल टाका. मग सगळ्या घराला एकसारखा पांढरा चुना. फक्त डागांवर ठिगळासारखा रंग मारला तर नजर नेमकी तिथेच जाते आणि घेणारा बोटाने खरवडून पाहतो. आधी ओल काढायची आणि मग चुना मारायचा, हा क्रम उलटला तर पहिल्याच पावसात भिंत सगळे उघड करते.

वेळेचा आक्षेप राहिला. पैशाची निकड आहे म्हणून तर घर विकतो आहोत. वारस नोंद आणि फेरफार होईपर्यंत थांबायला सवड कुठली? निकड खरी असते. पण अर्ज दाखल झाल्याची पोच हाही एक कागदच आहे. सगळ्या वारसांच्या सह्यांचे संमतीपत्र आणि अर्जाची पोच एवढे दाखवून बयाण्याचा करार करता येतो. त्यात फेरफार अमुक महिन्यांत झाल्यावर विक्रीपत्र, अशी अट घालता येते. हातात काहीच नसताना केलेल्या घाईपेक्षा हा मार्ग भावाला जपतो. अर्ज केल्यापासून नोटिसांची मुदत संपेपर्यंतचा काळ भिंत वाळवायला आणि घर मोकळे करायला पुरतो, म्हणजे दोन्ही कामे शेजारीशेजारी चालतात. पितृपक्षात अनेक घेणारे व्यवहार करत नाहीत. तो पंधरवडा दुरुस्तीसाठी धरा आणि दसऱ्याला घर दाखवायला तयार ठेवा. पावसाळ्यानंतर लगेच दाखवलेली कोरडी भिंत कुठल्याही हमीपेक्षा जास्त बोलते.

दाखवण्याची वेळही इथे पैशाइतकी महत्त्वाची आहे. दुपारी किराणा ओळीच्या बाजूने हातगाड्या आणि माल उतरवणारे ट्रक यांतून वाट काढत आलेला माणूस दारात पोहोचेपर्यंत वैतागलेला असतो. सकाळी दुकाने उघडायच्या आधी बोलवा. गल्लीची खरी रुंदी तेव्हाच दिसते आणि घरात उजेडही असतो. त्याला दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक किंवा चितार ओळीच्या मेट्रो स्टेशनावरून पायी आणता आले तर आणा. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाने गाडी लावायला जागा नसलेल्या घरांची मोठी अडचण थोडी हलकी केली आहे. पोळ्याच्या पाडव्याला, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी मात्र कोणालाही बोलावू नका. त्या गर्दीत घर शांतपणे पाहणे होत नाही.

भाव ठरला की बयाणा बँकेतूनच घ्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि मोडल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दुरुस्तीची सगळी बिले जपून ठेवा, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. नव्याने केलेले भांडवली काम आणि दलाली यांचा भांडवली नफ्याच्या हिशेबात उपयोग होतो. नेहमीच्या रंगरंगोटीचा होत नाही. इथेही रंगावरचा खर्च मागेच पडतो. त्यापेक्षा जास्त उपयोगी कागद म्हणजे नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल. घर तुमच्या कुटुंबाकडे १ एप्रिल २००१ च्या आधीपासून असेल, आणि इतवारीत ते बहुधा असतेच, तर त्या दिवसाची रास्त बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. मात्र ती त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्याच्या वर जाता कामा नये. आजोबांनी त्या काळी किती रुपये दिले होते, हे शोधत बसण्याची गरज त्यामुळे उरत नाही. सनदी लेखापालाला हा अहवाल भाव ठरण्याआधी दाखवा, म्हणजे कर भरून वारसांच्या हाती किती पडेल ते सगळ्यांना एकदमच कळेल. विक्रीपत्राच्या दिवशी घर सोडताना वीज आणि पाण्याच्या मीटरच्या आकड्यांचा फोटो घ्या, त्यावर दोघांच्या सह्यांची एक चिठ्ठी करा, आणि चाव्यांचा जुडगा देताना माळ्याच्या कुलपाची किल्लीही त्यात असल्याची खात्री करा.